आधी लगीन गेमचं, मग कंपनीचं!

कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं, ‘चल ना, आपण गेमिंगचं स्टार्टअप टाकू!’ मग पाच मिनिटांत कंपनीचं नाव ठरतं, अर्ध्या तासात लोगो तयार होतो आणि रात्रीपर्यंत इन्स्टावर पेजही सुरू होतं. सीईओ कोण, यावरून थोडी वादावादी होते. गेम मात्र अजून कुणाच्याच लॅपटॉपवर नसतो. बाजारात तुरी, दुसरं काय!

या हौसेला नावं ठेवायची नाहीत. उलट, ती गंभीरपणे घ्यायची हीच वेळ आहे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर थेट बंदी घातली. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तेव्हा तुमच्या प्लॅनमध्ये ‘खेळणारे पैसे लावतील, मधलं कमिशन आपलं’ अशी ओळ असेल, तर ती आजच खोडा. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीच्या गेम्सना मात्र हाच कायदा प्रोत्साहन देऊ पाहतो. म्हणजे यापुढे कमवायचं तर गेमच भारी हवा. ज्यांना खरोखर गेम बनवायचेत, त्यांच्यासाठी ही वाईट बातमी मुळीच नाही.

भारी गेम आपल्याकडे बनतात का? बनतात की! पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. काम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी एकीनं स्वतःचा फ्लॅट विकला. पुढे अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, २०२०मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. ऐकून अंगावर काटा येतो. पण यातून ‘घर विकलं की यश मिळतं’ असा धडा कुणी घेणार असेल, तर सावध! त्या टीमकडे इंडस्ट्रीतला अनुभव होता. आणि आपल्या वयात विकायला आपलं घर नसतंच. असतं ते आईबाबांचं.

म्हणून आधी वहीत साधा हिशेब मांडा. समजा चौघांनी दहा महिने काम केलं आणि प्रत्येकाचा महिन्याचा खर्च फक्त १५ हजार धरला. झाले सहा लाख. गेम ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात ३०० रुपयांना ठेवला, तर साधारण ३० टक्के दुकानाचे. एका विक्रीमागे हातात उरले २१० रुपये. नुसता खर्च वसूल करायलाच जवळपास २,९०० प्रती विकाव्या लागतील. टॅक्स आणि जाहिरात अजून बाकीच आहे. शिवाय विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल, तर स्टीमवर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं. आता सांगा, तुमच्या गेमचं नाव आज किती जणांना माहीत आहे? गेम पूर्ण झाल्यावर गिऱ्हाईक शोधायला निघालात, तर उशीर झालाच म्हणून समजा.

चांगली गोष्ट ही, की शिकायचा खर्च फारसा नाही. ‘गोडो’ हे गेम बनवायचं इंजिन पूर्ण फुकट आहे. गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, स्टीमवर दर गेममागे १००. गूगल प्लेवर नव्यानं वैयक्तिक खातं उघडणाऱ्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. बाहेर हे बारा जण जमवताना दमछाक होते. कॉलेजात ते शेजारच्याच बाकावर बसलेले असतात! आणि तोंडावर ‘बोअर आहे यार’ म्हणायला ते अजिबात लाजत नाहीत. असा फीडबॅक पैसे मोजूनही मिळणार नाही.

आणखी एक. ‘दोस्तीत कागद कशाला?’ हे म्हणणं महागात पडू शकतं. चित्रं काढणारा मित्र तुमचा पगारी नोकर नसेल, तर कॉपीराइट कायद्यानुसार त्या चित्रांचे हक्क सहसा मुळात त्याचेच. ते गेमसाठी घ्यायचे तर लेखी करार हवा. करारात मुदत लिहिली नाही, तर हक्क पाच वर्षांपुरतेच धरले जातात. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारतापुरते. आणि गेम तर आपल्याला जगभर विकायचा असतो. कुणाचा वाटा किती, कुणी मध्येच सोडलं तर काय, हे पहिल्याच महिन्यात लिहून सह्या करा. पैसे आल्यावर हा विषय काढला, तर दोस्ती आणि गेम दोन्ही जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे : कंपनी नंतर काढा, आधी एक छोटा गेम पूर्ण करा. एका सेमिस्टरमध्ये संपेल एवढाच. ओपन वर्ल्ड नको, शंभर लेव्हल नकोत. दहा मिनिटांचा असला तरी चालेल, पण अनोळखी माणसानं तो डाउनलोड करून खेळला पाहिजे. तो पडला, तर एक सेमिस्टर गेलं, घर नाही. चालला, तर बँकेपुढे किंवा गुंतवणूकदारापुढे दाखवायला तुमच्याकडे लोगोपेक्षा काहीतरी जास्त असेल.

कॉलेजांनाही एक विनंती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बाजारात आणलेला गेम चालवून घ्या. कोडिंगवाले, चित्रकलावाले, कॉमर्सवाले अशी मिश्र टीम करायची मुभा द्या. कॉमर्सच्या विद्यार्थ्यानं जमाखर्च मांडला आणि फाइन आर्ट्सवालीनं पात्रं रंगवली, तर धंद्याचा पहिला धडा कॅम्पसमध्येच गिरवून होईल. तोवर कॅन्टीनमधल्या त्या टेबलावर सीईओ कोण हे ठरवू नका. पहिली लेव्हल कोण बनवणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते ठरवा.