तास भरले, सही झाली!

ऑस्ट्रेलियात सहा वर्षं मानसशास्त्र शिकून मास्टर्स झालेल्याला क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट व्हायचं, तर पुढे रजिस्ट्रारकी करावी लागते. सायकॉलॉजी बोर्डाचा हिशेब सरळ आहे: दोन वर्षं, ३,००० तास काम, ८० तास देखरेख, ८० तास व्यावसायिक शिक्षण. आकडे जुळले, सुपरवायझरने ‘सक्षम’ म्हणून सही ठोकली, की गंगेत घोडं न्हालं. हा हजेरीपट आहे. याला मूल्यमापन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सही करणारा कोण? नोकरीच्या जागी कुणी नसेल तर रजिस्ट्रार पदरचे पैसे मोजून बाहेरचा सुपरवायझर गाठतो. ज्याची फी घ्यायची त्यालाच नापास करायचं! एवढं धारिष्ट्य ज्याच्या अंगी असेल त्याला माझा दंडवत. बाकीचे तरी कुठे कठोर? गोन्सालवेझ आणि फ्रीस्टोन यांनी २००७ मध्ये इथल्याच सुपरवायझरांनी विद्यार्थ्यांना दिलेले शेरे तपासले. सढळ हात, आणि एक गोष्ट आवडली की बाकी सगळंच छान दिसणं, असे दोन्ही रोग सापडले. ते विद्यार्थी होते, रजिस्ट्रार नव्हेत, हे खरं. पण समोरच्याला पदवी मिळाली म्हणून सुपरवायझरचा हात आखडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

देखरेखीचा तास बहुतेक अहवालावरच खर्ची पडतो, आणि अहवाल इंग्रजीत झकास असतो. पुण्याहून मुलाकडे मेलबर्नला आलेल्या एखाद्या आजी डोळ्यांपुढे आणा. टेबलावर चित्र बघून नाव सांगायची बोस्टन नेमिंग टेस्ट, फोनवर दुभाषी. प्रेट्झेलचं चित्र बघून आजी म्हणतात, “ही चकलीच की!” दुभाष्याला चित्र दिसत नाही, तो ‘तळलेला पदार्थ’ एवढंच सांगतो. गुण शून्य. बीव्हर आला, आजी म्हणाल्या घूस. पुन्हा शून्य. (इथल्या संशोधकांनी १९९५ मध्येच या दोघांच्या जागी प्लॅटिपस आणि पिझ्झा सुचवले होते. पिझ्झा निदान आजींनी नातवाच्या ताटात पाहिलेला असतो.) अहवालात उतरतं: ‘वस्तूंची नावं सांगण्यात लक्षणीय घट.’ सुपरवायझर आकडा बघतो, वाक्यरचना सुधारतो. तो अहवाल उद्या व्हीकॅट या व्हिक्टोरियाच्या न्यायाधिकरणापुढे जातो, आणि आजींच्या पैशाअडक्याचे निर्णय कुणी घ्यायचे ते तिथे ठरतं.

चाचणीच्या वेळी सुपरवायझर खोलीत बसला होता का? न्यूरोसायकॉलॉजिस्ट केविन वॉल्श यांनी याच मेलबर्नमध्ये शिकवलं की नुसते गुण मोजू नका, रुग्ण चुकतो कसा ते बघा. त्यांचं नाव घेत आम्ही मोठे झालो, आणि रजिस्ट्रार चुकतो कसा ते बघायची मात्र आम्हाला सवड नाही.

इथल्याच रुग्णालयात फिजिशियन होऊ पाहणारा डॉक्टर ‘लाँग केस’ला बसतो: खऱ्या रुग्णाबरोबर एक तास, मग परीक्षकांपुढे उलटतपासणी. परीक्षकांनी तो रुग्ण आधी स्वतः तपासलेला असतो, त्यामुळे थापा चालत नाहीत. अमेरिकेतही न्यूरोसायकॉलॉजीच्या बोर्ड सर्टिफिकेशनला लेखी परीक्षा, कामाचे नमुने आणि तोंडी परीक्षा असते. ते ऐच्छिक आहे, पण निदान आहे तरी.

आपल्याकडे एवढं करा: शेवटच्या सहीआधी एक लाँग केस, दुभाष्यासकट, दोन परक्या परीक्षकांसमोर. खर्चाचं रडगाणं नको. ८० तासांपैकी चार तासांची फी तिकडे वळवा. बाहेरचा सुपरवायझर असेल तिथे ते पैसे तसेही रजिस्ट्रारच्याच खिशातून जाताहेत.