काळ्या दगडाची भुकटी आणि नवी खोती

हवेतील कर्बवायू काढून घेण्याच्या जागतिक स्पर्धेचे 5 कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक एप्रिल 2025 मध्ये 'माती कार्बन' या संस्थेला मिळाले. या संस्थेने अजब यंत्र वगैरे काही शोधलेले नाही. बेसाल्ट म्हणजे आपला काळा दगड; त्याची भुकटी करून ती मध्य भारतातील लहान भातशेतकऱ्यांच्या शेतांत पसरावयाची, एवढेच तिचे काम. ही योजना उद्या सिंधुदुर्गातही येईल. ती दाराशी येण्यापूर्वीच आपण तिचा विचार केलेला बरा.

यामागील विज्ञान साधे आहे. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू घेऊन किंचित आम्ल बनते. ते खडकाला झिजवते, आणि त्या क्रियेत वायूचे रूपांतर विद्राव्य क्षारात होऊन तो नदीवाटे समुद्रात जातो व हजारो वर्षे तेथे राहतो. निसर्ग हे काम अतिशय संथपणे करतो. दगडाचे पीठ केले की ते वेगाने होते. मालवणच्या सड्यांवरील जांभा ही याच झिजेची साक्ष आहे. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील चुना, मॅग्नेशियम व सिलिका धुऊन नेली, मागे उरले ते लोह आणि अॅल्युमिनियम. म्हणून जांभ्याची भुकटी या कामी निरुपयोगी; त्याचे काम केव्हाच होऊन गेले आहे. परंतु जी द्रव्ये वाहून गेली त्यांचीच आपल्या आम्लधर्मी तांबड्या मातीला भूक आहे, आणि ती सह्याद्रीच्या काळ्या दगडात आहेत. उष्ण हवा आणि वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस ही अनुकूलताही येथे आहे. तेव्हा ही कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मात्र हिशेब मांडला की चित्र बदलते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मका व सोयाबीनच्या शेतांवर दर हेक्टरी वर्षाला 50 टन भुकटी सलग चार वर्षे टाकण्यात आली. पीक 12 ते 16 टक्क्यांनी वाढले. चार वर्षांत हेक्टरी काढला गेलेला कर्बवायू मात्र सुमारे साडेदहा टन भरला. तेच प्रमाण आपल्या दहा गुंठ्यांच्या मळ्याला लावले, तर दरसाल पाच टन भुकटी टाकावी लागेल. आपल्या कुणग्यांपर्यंत ट्रक जात नाही. वाट बांधावरून आहे. पाटीत पंचवीस किलो धरले तरी दोनशे खेपा झाल्या. त्या कोणाच्या डोक्यावरून होणार, हे सांगावयास नको.

धोकेही आहेत. कणकवलीजवळ जानवली-वागदे परिसरात क्रोमाइट असलेले खडक आहेत. त्या जातीचे खडक लवकर विरघळतात, म्हणून ते कोणाच्याही डोळ्यांत भरतील; पण त्यांतील क्रोमियम व निकेल भाताच्या मातीत उतरण्याचे भय आहे. शिवाय दगड युरियापासून बनलेल्या आम्लाने विरघळला, तर शेत सुधारेल, पण हवेतील वायू तेवढा कमी होणार नाही. विकला गेलेला टन खरोखर भरला की नाही, हे म्हणूनच सोपे मोजमाप नव्हे.

आणि टन विकला जातो! डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतील बड्या कंपन्यांच्या एका खरेदीदार-गटाने अशाच पद्धतीने काढलेल्या दीड लाखांहून अधिक टनांचा सौदा केला. दर पडला टनास सुमारे 370 डॉलर, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. दहा गुंठ्यांतून वर्षाला जेमतेम पाव टन, म्हणजे साडेसात हजारांच्या घरातील उत्पन्न. शेतकऱ्याला सामान्यतः भुकटी विनामूल्य मिळते. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावे होते. दगड सह्याद्रीचा, शेत कुळाचे, खेपा मजुरांच्या, आणि टन मात्र कंपनीचा!

कोकणाला ही व्यवस्था अपरिचित नाही. खोत नांगर धरत नसे. कागद त्याच्या हाती होता म्हणून वाटा त्याचा होता. 1949 च्या कायद्याने खोती गेली, 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला मालकीचा हक्क दिला. तरीही आज सातबारावर डझनभर हिस्सेदार, त्यांतील निम्मे मुंबईत, आणि शेत कसणारा चौथाच, अशी स्थिती गावोगावी आहे. अशा ठिकाणी कार्बनच्या करारावर सही कोणाची होणार? कागदावरच्या मालकाची झाली, तर खोती नव्या वेषात परत आली असे समजावे.

आमचे काही मित्र म्हणतील, ही श्रीमंत देशांची पापक्षालनाची युक्ती आहे. ती सरळ धुडकावून लावा. येथे विकत घेतलेल्या टनाच्या जोरावर तेथील धुराडी पेटती राहणार असतील, तर त्यांचे म्हणणे खरे ठरेल. परंतु उत्सर्जन घटवूनही काही शिल्लक राहणारच आणि तेवढ्यापुरता वायू हवेतून काढावाच लागेल, असे आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाने 2022 मध्ये नोंदविले आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने ज्यांच्या होड्या व बागा मोडल्या, त्या किनाऱ्याला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. या कामासाठी एकही नवी खाण नको. चालू क्रशरवर पडून असलेली भुकटीच तपासून वापरावी. जुलै 2021 मध्ये कळणे येथे खाणीचा बांध फुटून गाळ वस्तीत शिरला, तो अनुभव पुरेसा आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने किमान तीन पावसाळे प्रयोग करून निष्कर्ष ग्रामसभांपुढे मराठीत ठेवावेत. करार मराठीत व्हावा आणि विक्रीच्या किमतीतील ठरावीक वाटा प्रत्यक्ष कसणाऱ्यास व वाहणाऱ्यास मिळावा. क्रशरवरील मजुराच्या फुप्फुसाचे रक्षण हा त्या कराराचाच भाग असावा.

विज्ञान दगडाचे पीठ करील, पाऊस ते विरघळवील. हिशेबाची वही कोणाच्या हाती असेल, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल. आणि ते सही होण्यापूर्वी.