यॉब, ठग आणि भामटा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भाचीने परवा फोनवर विचारले, "मामा, 'यॉब' म्हणजे नक्की काय हो?" बसस्टॉपवर धिंगाणा घालणाऱ्या पोरांना तिथल्या एका आजीबाईंनी ही पदवी बहाल केली होती म्हणे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाला इंग्रजी शिवी विचारायची म्हणजे कमालच! पण शब्दकोश चाळायची खोड जुनी आहे.

'बॉय'ची इंग्रजी अक्षरे उलटी लिहा, 'यॉब' तयार. एकोणिसाव्या शतकात लंडनचे फेरीवाले असे शब्द उलटे करून बोलत, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. आपली पोरे 'च'ची भाषा बोलतात ना, तसलाच प्रकार. तेव्हा यॉब म्हणजे नुसता मुलगा. पुढे अर्थ झाला टारगट, हुल्लडबाज. 'हूलिगन'ची कथाही अशीच. १८९८ च्या सुमारास लंडनच्या वर्तमानपत्रांत तो गाजू लागला आणि तो एका आयरिश आडनावावरून आला असे बहुतेक जण मानतात. म्हणजे आडनावाचीच शिवी झाली.

हसू नका, आपणही तेच केले आहे. 'भामटा' हे मुळात एका जमातीचे नाव. आपण ते फसवणाऱ्या कुणालाही चिकटवून मोकळे झालो.

'ठग' तर आपणच इंग्रजांना दिला. १८३९ साली ठगांवर गाजलेली कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर पुढे आमच्या शेजारच्या नळदुर्गात अधिकारी होता. गुन्हेगारी रक्तातूनच येते, ही समजूत त्या काळात अशी रुजली की १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदाच आला. जन्माला आलेले मूल कायद्यानेच गुन्हेगार!

त्याचे कुंपण आमच्या सोलापुरात होते. सेटलमेंट. तारेच्या आत कुटुंबेच्या कुटुंबे, रोजची हजेरी, बाहेर जायला परवानगी आणि गिरण्यांना हातासरशी मजूर. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात.

माझे मत विचाराल तर पोराला नाव ठेवू नये, त्याने काय केले ते सांगावे. मिरवणुकीतला डीजे मलाही सोसत नाही, छातीत धडधडते. पण 'रात्री उशिरा आवाज केला' म्हटले तर त्यावर काही उपाय करता येतो. 'ही पोरेच तसली' म्हटले की बोलणेच खुंटते.

फार वर्षांपूर्वी एका शाळेत कंपासपेटी हरवली. पहिली झडती झाली ती सेटलमेंटचा पत्ता असलेल्या मुलाची. पेटी दुपारी कपाटामागे सापडली. त्याला कुणी काही म्हणाले नाही, त्यानेही काही म्हटले नाही. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही.