फाइल हलवायच्या? आधी किल्ली कुणाला देताय ते बघा

गुगलची फुकट जागा 15 जीबी. दुकान लातूरच्या गंजगोलाईत असो की नांदेडच्या वजिराबादेत, बिलं, फोटो, जीमेल मिळून ती भरतेच. मग आपण वनड्राइव्हचा प्लॅन घेतो आणि फाइल न्यायला दिसेल तो 'फ्री' कनेक्टर जोडतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी परवानगी बघा, किंमत नंतर.

'अलाऊ' दाबलं की गोदामाची किल्ली दिली समजा. तो फक्त फाइल बघणार की खोडूही शकणार, हे स्क्रीनवर लिहिलेलं असतं. वाचा.

एकदाच न्यायचं असेल तर गुगल टेकआउट पुरे. ते झिप करून थेट वनड्राइव्हमध्ये टाकतं. नेहमीचं काम असेल आणि कॉम्प्युटरचा जाणकार असेल, तर आरक्लोन घ्या. मोफत आहे, किल्ली आपल्याच मशीनवर राहते.

'मूव्ह' नको, 'कॉपी' करा. ट्रकमधून उतरलेली पोती मोजतो ना? तशा दोन्हीकडच्या फाइल मोजा, दहा-वीस उघडून बघा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपायचे असतात. फोल्डर गहाळ झालं तर नोटीस आपल्याला येणार, कनेक्टरवाल्याला नाही.

सगळं जुळलं की गुगल अकाउंटमध्ये जाऊन त्याची परवानगी काढून टाका. जुन्या फाइल त्यानंतरच खोडा.