डासाच्या पायाला लागलेलं औषध

गल्लीत "नीर बंतु, पाणी आलं गं" अशी हाक आली की हातातलं काम टाकून बायका नळाकडे धावतात. पुढचा नळ कधी येईल याचा भरवसा नसतो. मग बॅरल, हौद, घागरी, कळशा, सापडेल ते भरून ठेवायचं. बेळगावात २००८ साली दहा वॉर्डांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. पण जिथं नळाला पाळी असते तिथं साठवण कुणाला चुकली आहे? अशा घरात येऊन कुणी "आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी ठेवा" असं सांगितलं, की घरची बाई मान डोलावते आणि बॅरलवर झाकण ओढते. ती तरी काय करणार! आणलेलं पाणी ओतून द्यायचं?

डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारा पट्टेवाला डास, म्हणजे एडिस, याच पाण्यावर जगतो. २००६ सालचा चिकुनगुन्या अजून पुष्कळांच्या सांध्यांना आठवत असेल. त्या वर्षी एकट्या कर्नाटकात साडेसात लाखांच्या आसपास संशयित रुग्णांची नोंद झाली. धुराची गाडी येऊन जाते, पण धूर उडत्या डासाला लागतो, झाकणाखालच्या अळीला नाही. आणि अळ्यांची भांडी शोधायला माणूस गेला तरी पत्र्यावरची करवंटी, शेजारच्या बंद घरातली कुंडी, गॅरेजमागचा टायर त्याला कुठून दिसणार?

डासिणीला मात्र ते सगळं दिसतं. तिची एक खोड अशी की ती सगळी अंडी एका भांड्यात घालत नाही. चार इथं, दहा तिथं, अशी वाटत जाते. शास्त्रज्ञांनी ही खोडच कामाला लावली. ज्या भांड्यापर्यंत आपला हात पोचत नाही, तिथं औषध तिनंच न्यावं!

हे औषध विषासारखं झटक्यात मारणारं नाही. त्यामागची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९६५ च्या सुमारास कारेल स्लामा नावाचा चेक शास्त्रज्ञ अमेरिकेत हार्वर्डला कॅरल विल्यम्स यांच्याकडे कामाला गेला. जाताना त्यानं आपले लाल ढेकूणवर्गी किडे बरोबर नेले. मायदेशात गुण्यागोविंदानं वाढणारे हे किडे तिथं वयातच येईनात. पोरपणातच राहायचे आणि मरायचे. पाणी, खाणं, उजेड सगळं तपासून झालं. शेवटी दोष निघाला बशीत अंथरलेल्या कागदाचा. अमेरिकन कागद ज्या बाल्सम फर झाडापासून होत होता, त्या झाडात किड्याला कायम पोर ठेवणारं द्रव्य होतं. मग त्यांनी वर्तमानपत्रं तपासली. 'न्यूयॉर्क टाइम्स'वर वाढवलेले किडे पोरच राहिले, लंडनच्या 'टाइम्स'वरचे व्यवस्थित मोठे झाले. (आमच्या साप्ताहिकाचा कागद कुणी तपासलेला नाही.)

कीटकाच्या अंगात बालपण टिकवणारा एक रस असतो. तो ओसरला की अळीचा कोष होतो आणि कोषातून पंखवाला डास निघतो. पायरिप्रॉक्सिफेन हे औषध त्या रसाची नक्कल करतं, म्हणून कोषातून डास बाहेर पडत नाही. इतक्या थोड्या मात्रेत ते चालतं की डासाच्या पायाला लागलेली भुकटीसुद्धा लहान भांड्याला पुरते.

जपानच्या इतो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रयोगशाळेत हे दाखवलं. पुढे पेरू देशात ॲमेझॉनकाठच्या इकितोस शहरात ग्रेगर डिव्हाइन यांच्या गटानं दफनभूमीत प्रयोग केला. दफनभूमीच का, तर तिथं फुलदाण्या फार, आणि प्रत्येकीत पाणी. ओल्या कापडाचं अस्तर लावलेल्या डब्यांत भुकटी ठेवली. डास गारव्याला येऊन बसायचे आणि पाय माखून जायचे. त्यांच्या बसण्याच्या जागांपैकी जेमतेम ३ ते ५ टक्के जागी डबे होते, तरी पाहणीसाठी ठेवलेल्या जवळजवळ सगळ्या भांड्यांत औषध पोचलं. तिथून निघणारे डास ४२ ते ९८ टक्क्यांनी घटले. हा अहवाल २००९ साली छापून आला. आता 'इन टू केअर' नावाची डच बादलीही निघाली आहे. तिच्यात या औषधाच्या जोडीला बिव्हेरिया बुरशी असते, आपले शेतकरी पिकावर फवारतात तीच.

अडचणी नाहीत असं नाही. डासीण मरत नाही, तेव्हा ती चावतेच. अळ्या वळवळत राहतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की औषध फुकट गेलं. परिणाम कळतो तो कोषाच्या वेळी. भरलेल्या मोठ्या हौदाला पायावरची भुकटी पुरेलच असं नाही. उघड्या तळ्यात मोठ्या प्रमाणावर टाकलं तर पाण्यातल्या दुसऱ्या किड्यांनाही बाधतं.

"पिण्याच्या पाण्यात औषध?" ही शंका घरोघरी येणारच. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या साठवणीत लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत मात्रा चालेल असं म्हटलं आहे. तरी २०१६ साली ब्राझीलमध्ये झिकाच्या साथीत लहान डोक्याची बाळं जन्मली तेव्हा ठपका याच औषधावर आला. एका राज्यानं ते वापरणं थांबवलं. पण रेसिफे शहरात हे औषध वापरलेलंच नव्हतं, आणि अशी बाळं तिथंही जन्मली होती. आपल्याकडे असं काही आणायचं झालं तर आधी मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत, घरोघरी बसून सांगावं लागेल. नुसता पिवळा कागद दारावर चिकटवून भागणार नाही.

माशीवरही हा उपाय करून पाहिला आहे. गेडन आणि डिव्हाइन यांनी २०१२ मध्ये घरमाशीचे निकाल छापले. अंडी घालायला आलेली माशी शेणात औषध नेते खरी, पण तिला मात्रा जास्त लागते. शिवाय करवंटीतलं पाणी आणि गोठ्यामागचा उकिरडा यांत फरक आहेच. उकिरड्यावर रोज नवी पाटी पडते, पायावरची भुकटी त्यात हरवून जाणार. तिथं खत वेळेवर शेतात जाणं हेच बरं.

हे डबे आपल्या गल्लीत येतील तेव्हा येवोत. तोवर बॅरलवर जुन्या लुगड्याचा घट्ट बांधलेला तुकडा चालतो. आणि पाणी तळाला गेलं की आतली कड काथ्यानं घासा, नुसतं विसळू नका. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, ती कोरडी होऊनही काही महिने तग धरतात, आणि पुढचा नळ आला की फुटतात.