दीपगृहांचे पत्ते आणि न खेळलेला डाव

मंडळाच्या मागील बैठकीत एक सूचना पुढे आली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील दीपगृहांची रंगीत छायाचित्रे छापलेला बावन्न पत्त्यांचा जोड मंडळाने काढावा, तो कातडी पेटीत मोहोरबंद करून सभासदांना संग्राह्य भेट म्हणून द्यावा, म्हणजे दापोरा-बऱ्हाणपुरात वाढलेल्या आमच्या नातवंडांना ‘आपला महाराष्ट्र’ कळेल, असा तिचा आशय होता. एका सभासदाच्या पुतण्याने परदेशातून आणलेला असाच एक जोड नमुना म्हणून फिरविण्यात आला. तो आमच्या हाती आला तेव्हा त्यावरील पारदर्शक वेष्टन तसेच होते. ते फोडू नये, फोडल्यास किंमत उतरते, असे आम्हांस बजावण्यात आले. त्याच क्षणी आमचे मत निश्चित झाले.

दीपगृहांविषयी आमच्या मनात अनादर नाही. खांदेरीचे दीपगृह १८६७ सालचे आणि मुंबईजवळचे प्राँग्जचे १८७५ सालचे. अशा मनोऱ्यांनी असंख्य गलबते वाचविली. परंतु दीपगृहाचे काम रात्री चालते. प्रत्येकाच्या प्रकाशाची उघडझाप ठरलेली असते, आणि किती सेकंदांनी किती झोत आले हे मोजून तांडेल आपण कोठे आहोत ते ओळखतो. छायाचित्रात दिसतो तो दिवसाउजेडी उभा असलेला रंगविलेला खांब. खांदेरीच्या चित्रात त्याच बेटासाठी १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आरमाराने इंग्रजांशी दिलेली झुंज दिसणार नाही, आणि १९९८ साली त्या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव दिले गेले हेही कळणार नाही. मग नातवंडांना नेमके काय कळणार? आमचा समुद्राशी संबंध तो तापीपुरता आणि ती ज्या सुरतेवरून जाते त्या बंदरापुरता. पण हे थोडे विषयांतर झाले.

मूळ प्रश्न पत्त्यांचा आहे. सूचना करणाऱ्यांस वाटते की पत्त्यावर चित्र असणे ही परदेशी कल्पना आपण उचलतो आहोत. सावंतवाडीचे गंजिफे त्यांनी पाहिले नसावेत. दशावतारी गंजिफ्याचा जोड एकशेवीस पत्त्यांचा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पाने. पाने गोल, चिंचोक्याच्या खळीने घट्ट केलेली, हाताने रंगविलेली आणि लाखेने चकाकविलेली. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी तर अर्ध्यांत एक्का मोठा, म्हणून खेळणाऱ्याची स्मरणशक्ती पणास लागते. दिवसा डाव रामाने उघडतो आणि रात्री कृष्णाने. उत्तर हिंदुस्थानातील आठ रंगांच्या गंजिफ्यात ‘बरात’ नावाचा एक रंग असे. खजिन्यावर काढलेल्या ज्या हुकुमाला पेशवाईच्या दप्तरात ‘वरात’ म्हणत तो हाच शब्द. हयात सरकारी कागदांत घालविलेल्या आमच्यासारख्याला पत्त्यांत खजिन्याचा हुकूम सापडला याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आमच्या भागाचाही त्यात वाटा आहे. असीरगडच्या वेढ्यात वावरलेल्या अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या पत्त्यांचे वर्णन केले आहे. त्यांत अश्वपती व गजपती यांच्याबरोबर नावपती, म्हणजे नौकांचा स्वामीही आहे. समुद्र पत्त्यांत आणण्यासाठी छायाचित्राची गरज चारशे वर्षांपूर्वीही पडली नव्हती.

परंतु सावंतवाडीचाही धडा आम्ही लपविणार नाही. ती कला जवळजवळ बुडाली होती. राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती पुन्हा उभी केली. हे मोठेच काम झाले. तथापि आज तो जोड घेणाऱ्यांपैकी तो मांडून खेळणारे फारच थोडे. बहुतेक जण पेटी काचेच्या कपाटात ठेवतात. चितारी वाचला, खेळगडी हरपला. मंडळाचा प्रस्तावित जोड तर छापखान्यातून निघताक्षणीच कपाटात जाणार.

आम्हांस खरी काळजी आहे ती भाषेची. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून शाळा हिंदी, कचेरी हिंदी, बाजारही बव्हंशी हिंदी. आम्ही स्वतः आयुष्यभर हिंदीत टिपणे लिहिली. तरीही गणपतीच्या रात्री सतरंजीवर जोड पिसला जाई तेव्हा मुलांच्या तोंडून आपोआप मराठी निघे: ‘उतारी कुणाची?’, ‘बदाम सातने सुरुवात कर’, ‘मेंढीकोट लागला!’ झब्बू देताना कोणी हिंदी बोलत नसे. तुरूप आणि किलवर हे शब्द डच दर्यावर्द्यांकडून आले म्हणतात. त्यांना परकेपणा उरला नाही, कारण ते रोज तोंडात घोळले. आजचे आमचे नातू ‘हुकमाचा एक्का’ हा वाक्प्रचार पुस्तकात वाचतात आणि अर्थ विचारतात. ज्याने तुरुपाने हात मारलेला नाही त्याला तो अर्थ कसा सांगावा? वेष्टनातला जोड सांगणार नाही.

कोणी म्हणेल, पत्ते हे व्यसन आहे, साहित्य मंडळाने त्याची भलामण करावी काय? रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच मान्य केले आहे. पाच-तीन-दोनवर तर कोणाचे घर गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

म्हणून आमची सूचना अशी. छायाचित्रे, छपाई व कातडी पेट्या यांवर होणारा खर्च करू नये. त्यातून सावंतवाडीहून दोन दशावतारी जोड मागवावेत, ते खेळता येणाऱ्या एका जाणकाराला गणेशोत्सवात आठ दिवस येथे बोलवावे, आणि बाजारातले साधे बावन्न पानी जोड डझनाने घेऊन सभासदांच्या घरी वाटावेत. पाने मळतील, एखादा गुलाम हरवेल, त्याच्या जागी कोऱ्या पुठ्ठ्यावर शाईने ‘गुलाम’ लिहून काम भागवावे लागेल. आमच्या लहानपणी असे जोड घरोघर होते.

दीपगृहांच्या जोडाचा ठराव मताला टाकला गेल्यास आमचा विरोध बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवावा. नमुन्याचा जोड अद्याप आमच्याकडेच आहे. त्याचे वेष्टन आम्ही फोडले असून काल संध्याकाळी शेजारच्या मुलांबरोबर त्यावर मेंढीकोटाचे चार डाव झाले. मालकास त्याचे मूल्य देण्यास आम्ही तयार आहोत.