केसपेपरवर ‘मिश्र आहार’ लिहून भागणार नाही

मूतखड्याच्या पथ्याविषयी या मासिकाकडे आहारतज्ज्ञांची जी पत्रे आली आहेत, त्यांतील तक्रार एकच आहे. वॉर्डातून येणाऱ्या चिठ्ठीवर ‘रीनल डाएट द्या’ एवढेच असते. क्रिएटिनिन कशाने चढले, त्याआधीचे पंधरा दिवस रुग्णाच्या पोटात काय गेले, याचा पत्ता नसतो. केसपेपर मागवावा, तर ‘आहार’ या रकान्यात ‘मिश्र’ हा एकच शब्द.

तक्रार रास्त आहे. केरळमधील दहा रुग्णांची मालिका 2013 साली ‘इंडियन जर्नल ऑफ नेफ्रॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. बिलिंबीचा रस प्यायल्यानंतर या दहाही जणांच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली आणि सात जणांना हिमोडायलिसिसवर घ्यावे लागले. अमेरिकेतील आर्कान्सासच्या 56 वर्षांच्या गृहस्थाचे प्रकरण 2015 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, बायोप्सीतही तेच. पण कारण काही केल्या सापडेना. खोदून विचारल्यावर कळले, की ते रोज आइस्ड टीचे सोळा ग्लास पीत होते. म्हणजे दिवसाला 1500 मिलिग्रॅमहून अधिक ऑक्झलेट. त्यांनाही डायलिसिस लागले.

बिलिंबी शाकाहारी, चहाही शाकाहारी. ‘शाकाहारी की मिश्र’ या प्रश्नातून यातला एकही रुग्ण कळला नसता.

दुसऱ्या टोकाला ते झेरॉक्सचे पथ्यपत्रक आहे. खड्याच्या प्रत्येक रुग्णाच्या हाती तोच कागद: टोमॅटो बंद, वांगी बंद, दूध बंद. पालकात शंभर ग्रॅममागे शेकडो मिलिग्रॅम ऑक्झलेट असते आणि टोमॅटोत त्याचा किरकोळ अंश, तरी दोघांना एकाच ओळीत बसवले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत विद्राव्य आणि अविद्राव्य ऑक्झलेटचे आकडे वेगवेगळे दिले आहेत. ते उघडून पाहण्याचे कष्ट किती विभागांनी घेतले?

दूध बंद करणे तर सरळसरळ घातक आहे. आतड्यात कॅल्शियम मिळाले नाही, तर ऑक्झलेट मोकळेच रक्तात उतरते. बोर्गी आणि सहकाऱ्यांनी 120 पुरुषांना पाच वर्षे पाहिले. कमी कॅल्शियमच्या गटात 60 पैकी 23 जणांना पुन्हा खडे झाले. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि प्राणिज प्रथिने कमी केलेल्या गटात 12 जणांना. हा निष्कर्ष 2002 सालचा आहे. इतक्या वर्षांत एक कागद बदलता येऊ नये, ही आपल्या व्यवसायाला लाज आणणारी गोष्ट आहे.

पालकाची भाजी उकडून, पाणी टाकून, दह्याबरोबर खाणारी गृहिणी आणि अनशेपोटी कच्च्या पालकाचा पेलाभर रस पिणारा मधुमेही यांना एकच सल्ला देता येत नाही. पाण्याबरोबर विद्राव्य ऑक्झलेट निघून जाते, उरलेले दह्यातले कॅल्शियम धरून ठेवते. रस पिणाऱ्याला यातले काहीच संरक्षण नाही. त्यातून त्याची बायपास शस्त्रक्रिया वजनासाठी झालेली असेल, जुना स्वादुपिंडदाह असेल, ऑर्लिस्टॅट चालू असेल किंवा तो क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेत असेल, तर धोका कितीतरी वाढतो.

तेव्हा वरिष्ठांच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. क्रिएटिनिन अचानक वाढलेल्या प्रत्येक रुग्णाला आजपासून चार प्रश्न विचारा: कुठला रस किंवा काढा सुरू केला? रोज किती आणि उपाशीपोटी का? कोणत्या गोळ्या, कोणती शस्त्रक्रिया? दूध-दही कोणी बंद करायला सांगितले? उत्तरे रुग्णाच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवा. नर्सबाईंना आणि निवासी डॉक्टरांनाही हे शिकवा. ज्यांच्या विभागात ते जुने पत्रक अजून वाटले जाते, त्यांनी त्याची एक प्रत, विभागाचे नाव खोडून, या महिनाअखेरपर्यंत संपादकांकडे पाठवावी. त्यांतील चुका दुरुस्त केलेले नवे पत्रक पुढील अंकात छापले जाईल.